उरलेले नऊ झेंडे

गिरजे, तुझे नऊ झेंडे उरले.

हे पहिले सांगतो, कारण तू असती तर पहिले हेच विचारलं असतं, झेंडे पुरले का म्हणून. पुरले. पुरून नऊ उरले. किती वर्षं तुले सांगितलं होतं का आपल्या ग्राउंडवर होल नऊच आहेत, एका होलले एक झेंडा. साहेब लोक नऊ खेळतात, फिरून पहिल्यावर येतात, पुन्हा तेच नऊ खेळतात अन् घरी जाऊन सांगतात का आज अठरा खेळलो. तू मान हालवत होती. मले वाटे समजलं. गोल्फ ग्राउंडच्या मुकादमासोबत चाळीस वर्षं संसार केला, अन् खाप्याले विणकर भावाले फोन लावून सांगितलं, अठरा विण.

तुले जाऊन सव्वा महिना झाला. कर्नल साहेब म्हणाले, दौलत, क्लबच्या पुस्तकात वहिनींवर दोन शब्द लिही. मी चौथी शिकलेला माणूस. अन् दोन शब्दांत तर तू मले कधी सोडलं नाही, मी तुले कसा सोडू. मंदा म्हणे, बाबा, तुम्ही लिहा, मी शुद्ध करून देते. मी म्हणलं, हात नको लावू. तुझ्या मायले मी असाच बोलत होतो, तिले असंच समजते. तू कधी जन्मली, कोणाची लेक, मागं कोण कोण राहिलं, ते मी लिहत नाही. ते तुले माहीत आहे.

ज्या गोष्टीनं हे सगळं सुरू झालं ती दवाखान्याच्या मागच्या भिंतीजवळची. तुझ्या केमोच्या दिवशी मी तिथं उन्हात बसलो राहत होतो, अन् सलाइन संपलं की तू येऊन बाजूले बसत होती, उलटी थांबेपर्यंत. तिथंच कुहीची शेवंता भेटली. तिच्या नवऱ्याच्या जबड्याले झालेलं. त्याले पेजेशिवाय काही गिळत नव्हतं, म्हणून ती भिंतीच्या आडोशाले तीन विटा मांडून काड्याकुड्यांवर पेज शिजवत होती. हवा आली की जाळ विझे. ती फुंके. पुन्हा विझे. तू पाहत बसली होती. मी म्हणलं, चाल, ऑटो थांबला आहे. तू उठली नाही.

"आपल्या घरची शेगडी आणा," तू म्हणली.

"आपणच इथं आजारी, अन् तू लोकांची चूल पाहून राहिली?"

"आजारी मी आहो. तुम्ही नाही. तुम्ही उचला अन् आणा."

मी नाही म्हणलं. दुसऱ्या खेपेले घेऊन गेलो. गेटवरच्या माणसानं आत येऊ दिली नाही. त्याचंही बरोबर होतं, कपडे वाळत घातलेले, लोक झोपलेले, कुठं आग लागली तर काय. मी शेगडी घेऊन वापस आलो तर तू म्हणली, मंग तिले एक धड जागा पाहिजे. मी म्हणलं, हो, अन् ते तू बांधशीन. तू म्हणली, पाहू.

मंग कर्नल साहेब तुले पाहाले आले. आपण तेव्हा मंदाकडं प्रताप नगरात राहाले गेलो होतो, दवाखान्याचं सोपं पडे म्हणून. साहेब संत्री घेऊन आले, खुर्चीवर बसले अन् तुझ्यासाठी एक संत्रं स्वतःच सोलाले लागले. क्लबचा सेक्रेटरी, पल्टनीतून रिटायर झालेला माणूस, पण तुझ्यापुढं तो जरा सांभाळूनच बोलत होता.

"कशा आहात वहिनी?"

"बरी आहो जी. साहेब, एक विचारू? तुम्ही लोक त्या लिंबाएवढ्या चेंडूमागं चार घंटे फिरता म्हणे."

"फिरतो."

"कोणासाठी फिरता?"

साहेब हासले. "स्वतःसाठीच. डॉक्टरनं सांगितलंय म्हणून."

"मंग एक दिवस कुहीच्या शेवंतासाठी फिरा ना."

मी तुह्याकडं डोळे वटारून पाहिलं. तू पाहिलंच नाही. साहेबाचा हात संत्र्यावर थांबला, अन् तू त्यायले तीन विटा, हवा, पेज, सगळं सांगितलं. ते गेल्यावर मी तुले रागावलो. मालकाजवळ असं मागाचं असते का म्हणून. तू म्हणली, मालक तुमचे आहेत, माह्यासाठी ते संत्री सोलणारे भाऊ आहेत.

आठ दिवसांत साहेबाचा फोन आला का कमिटीनं हो म्हणलं. एक डॉक्टर मॅडम आपल्याकडं खेळतात, त्यायनं दवाखान्याची परवानगी काढली. चॅरिटी टूर्नामेंट ठरली. तू विचारलं, चॅरिटी म्हणजे काय जी? साहेब म्हणाले, दानधर्म. तू म्हणली, दान नका म्हणू, चूल म्हणा. म्हणून बोर्डावर मोठ्या अक्षरात तेच छापलं, एक दिवस चुलीसाठी.

मंग जो महिना गेला तो मी विसरणार नाही. तू खाटेवर पडून टूर्नामेंट चालवली. औषधाच्या कागदांच्या मागच्या बाजूवर तुझ्या याद्या. साहेब म्हणाले नाश्त्याले सँडविच ठेवू, तू म्हणली, चार घंटे काठी घेऊन चालणाऱ्या माणसाचं ब्रेडनं काय होते, तर्री-पोहे ठेवा. ठेवले. झेंडे बाजारातून आणू नका म्हणली, माह्या भावाच्या मागाचे लावा. मी सकाळी ग्राउंडवर जाऊन दुपारी परत आलो की तुझा पहिला सवाल, आज कोणत्या होलचं झालं? मी सांगे. तिसऱ्याचं ग्रीन, होलभोवतीचं बारीक गवत, पिवळं पडलं होतं, त्याले पाणी वाढवलं. सातव्यावर वाळू बदलली. तू असं ऐके जसं मी कोणत्या देशाहून आलो. चाळीस वर्षं मी गवताचा वास घेऊन घरी आलो अन् तू म्हणे, पाय धुऊन या. त्या एका महिन्यात आपण जितकं बोललो, तितकं त्याच्या आधी कधी बोललो का गिरजे? मले तर आठवत नाही.

डोक्याचे केस तोपर्यंत पुरे गेले होते. तुले त्याचं काही नव्हतं. घरात तू पदर घेतच नव्हती. एक दिवस मी ग्रीन कापून आलो तर डोक्यावरून हात फिरवून म्हणली, "पाहा, तुमच्या ग्रीनपेक्षा साफ." मंदा हासून हासून पडली. मीही हासलो. मी हासलो होतो, हे मले आठवते. म्हणूनच पुढं जे बोललो ते जास्त लागते.

तो सोमवार तुले आठवत असन. मंदा तेव्हा पाळण्यात होती. तू म्हणली, मले तुमचं ग्राउंड पाहाचं आहे. मी म्हणलं, बायकापोरं तिथं येत नाहीत. आठ दिवस तू काही बोलली नाही. सोमवारी ग्राउंड बंद राहते, मीच तुले सायकलवर मागं बसवून घेऊन गेलो. पहिल्या ग्रीनवर चपला काढून उभी राहिली तू, जसं देवळात. म्हणली, एवढं मऊ, इथं तर झोपावं वाटते. मी तुझ्या हातात काठी दिली, होलपासून दोन हातांवर चेंडू ठेवला. तू मारला. चेंडू गेला सरळ होलमध्ये. मी खरंच सांगतो, असे साहेब पाहिले आहेत जे चार-चार बार मारूनही घालू शकत नाहीत. तू भोकात हात घालून चेंडू काढला, माह्याकडं पाहिलं अन् म्हणली, "एवढंच?"

घरी येताना तू मागून म्हणली होती, "तुमचं असंच आहे. पहिले नाही म्हणाचं, अन् मंग सोताच न्याचं." मी पायडल मारत राहिलो. पण ते खरं होतं. सर्कसचं तसंच झालं, तुझ्या भावाच्या लग्नाचं तसंच झालं, अन् शेगडीचंही तसंच झालं. माझं नाही म्हणजे तुले कधी नाही वाटलंच नाही.

आता तो दिवस. तो लिहाच लागते.

साहेबाचा फोन होता. म्हणाले, सुरुवातीले वहिनींनी दोन शब्द बोलावे, त्यायनंच ही गोष्ट काढली. मी तोंड उघडाच्या आधी तू हो म्हणून बसली. फोन ठेवला अन् मी म्हणलं, तू नाही जाशीन.

"काहून?"

"काहून म्हणजे काय? आरशात पाहते का?"

"रोज पाहते."

"डोक्यावर एक केस नाही अन् सगळ्यायपुढं उभी राहशीन? ते खेळाले येऊन राहिले, तमाशा पाहाले नाही. कीव करतीन, चहा पितीन अन् जातीन."

तू म्हणली, "मले त्यायची कीव नाही पाहिजे. मले तीन चुली पाहिजे."

"चुली साहेब आणतीन. तू कशाले पाहिजे तिथं?"

"विटांवर फुंकताना तिले मी पाहिलं. साहेबानं नाही पाहिलं."

जवाब नसला की माझा आवाज चढते, हे तुले ठाऊक. मी म्हणलं, टकली बाई घेऊन मी ग्राउंडवर जाणार नाही. माझ्या हाताखालचे वीस माणसं आहेत तिथं.

तू माह्याकडं पाहिलं नाही. खांद्यावरचा पदर उचलला, डोक्यावर घेतला अन् कानामागं खोचला. बस, तेवढंच. भांडली नाही, रडली नाही. मंदा आली तिच्याशी पोह्यांचं बोलली. पण त्या दिवसापासून पदर डोक्यावरून खाली आला नाही. औषध घेताना नाही, झोपताना नाही. बाकी कोणापुढं असो नसो, माझ्यापुढं नाही. मी खोलीत आलो की तुझा हात पहिले पदराकडं जाई. पंधरा दिवस मी ते पाहिलं. एकदाही म्हणलं नाही का राहू दे वं.

मी टूर्नामेंटच्या आदल्या दिवशी हो म्हणणार होतो. तुले आवडे तसं, अगदी शेवटी. ग्राउंडवर जी बॅटरीची छोटी गाडी आहे, ती चार्ज करून ठेवा म्हणून मी माणसाले सांगूनही ठेवलं होतं. कोणासाठी, ते नाही सांगितलं. हे मी मंदालेही बोललो नाही. आता लिहताना मले कधी कधी वाटते, मी खरंच हो म्हणणार होतो, का तू गेल्यावर मनाले बरं वाटावं म्हणून हे बनवून राहिलो. पण गाडी चार्ज केली होती. ते खरं आहे. त्या माणसाले विचारून पाहा.

तुले ताप आला, दुपारी दवाखान्यात नेलं, अन् तिथून तू घरी आली नाही. तू गेली तेव्हा टूर्नामेंटले दहा दिवस होते.

शेवटची आंघोळ बाया घालत होत्या तेव्हा मी अंगणात होतो. मंदा बाहेर आली अन् मले बाजूले घेऊन म्हणली, "बाबा, आईले केस येऊन राहिले होते. बारीक बारीक. जावळासारखे." मी पाहिले नाहीत. पाहाले मिळाले नाहीत म्हणू का पाहाची सोय मीच ठेवली नाही म्हणू.

आपल्याले पोरगा नाही, तर अग्नी मीच दिला. दहाव्याले खाप्याले गेलो, तुझ्या माहेरच्या कन्हान नदीवर. न्हाव्यानं डोकं साफ केलं. पाण्यात वाकलो तर एक टकला म्हातारा दिसला. मी बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिलो.

घाटावरच नामदेवनं कापडाची पिशवी माझ्या हातात दिली. तुझा भाऊ, रडून रडून डोळे सुजलेले, पण हातचं काम पुरं करूनच आला होता.

"भाऊजी, ताईनं सांगितलेले झेंडे. अठरा."

"अठरा काहून?"

"ताई म्हणे, अठरा होल आहेत."

"नऊ आहेत बाप्पा. साहेब लोक दोनदा फिरतात."

नामदेवनं विचार केला. "एकाच्या घरी दोनदा गेलं म्हणून दोन घरं होतात का भाऊजी?"

मले हासू फुटलं. तू गेल्यावर पहिल्यांदा, डोकं बोडलेलं, ओल्या धोतरात, घाटावर. नामदेवही हासाले लागला अन् मंग आम्ही दोघंही रडलो. लोक पाहत होते. पाहू दे.

पिशवी उघडली तर कापड जड. लाल, अन् करवतीच्या दात्यांसारखा काठ, तुझ्या लग्नाच्या लुगड्याले होता तसाच. विणणाऱ्या घरचा माणूस, त्याले पातळ विणणं म्हणजे फसवणं वाटते. झेंड्याले हवेत उडा लागते, हे त्याले कोण सांगणार? तुले माहीत नव्हतं, मी विचारलं नव्हतं.

निघताना मंदानं मले एक घडी घातलेला कागद दिला. म्हणली, "आईनं तिथं बोलाचं लिहून ठेवलं होतं. दवाखान्यात मले दिलं. म्हणे, बाबा हो म्हणले तरच वाचाचं. नाही म्हणले तर चुलीत टाकाचं."

मी खिशात ठेवला. उघडला नाही. मले वाचता येते, हळू हळू, पण येते. भेव वाटलं. त्यात माझ्याबद्दल काय असन ते माझं मलेच माहीत होतं.

नामदेव म्हणे, सुतकात कुठं जाता, तेरावी होऊ द्या. साहेबही म्हणाले होते, दौलत, तारीख पुढं ढकलू. मी दोघायलेही एकच सांगितलं, काम तिचं आहे, दुसऱ्याचं असतं तर नसतो गेलो. मंदानं संध्याकाळी मशीनवर नऊ झेंडे शिवले. उरलेले नऊ तसेच पिशवीत राहिले.

दुसऱ्या दिवशी फटफटताच मी ग्राउंडवर होतो. नऊ होल नव्या जागी पाडाचे होते. हे काम मी दुसऱ्याले देत नाही, तुले माहीत आहे. यंत्र गवतात दाबाचं, गोल फिरवाचं, मातीचा गोळा वर काढाचा. तो गोळा नेऊन कालच्या भोकात बसवाचा, पायानं दाबाचा, पाणी घालाचं. आठ दिवसांत गवत जुळून येते. खेळणाऱ्याले काही दिसत नाही. पण मी वाकून पाहिलं की मले दिसते, इथं होतं म्हणून, महिना-महिना. लोक आता मले म्हणतात, दौलतभाऊ, दुःख हळूहळू जाईन. मी हो म्हणतो. माझा धंदाच तो आहे, मले माहीत आहे किती जाते ते.

झेंडे लावले. एकही उडाला नाही. नऊच्या नऊ दांडीले चिकटून लोंबले. साहेब म्हणाले, "दौलत, झेंडे झोपलेत." मी म्हणलं, "साहेब, विणणाऱ्यानं लुगडं समजून विणले." थंडी होती, हवा नव्हती असं मी सगळ्यायले सांगितलं. हवा होती.

खेळणारे पहिल्या होलजवळ चिंचेखाली जमले. शेवंताही आली होती, पोह्यांच्या गंजाजवळ, मोठ्या पातेल्याजवळ, उभी, तिच्या नवऱ्याले अजून दवाखान्यात ठेवलं होतं. मी चिंचेच्या मागं. टोपी कानापर्यंत ओढलेली. साहेबानं माइक घेतला, तुझं नाव घेतलं, म्हणाले का एक मिनिट शांत उभं राहू. सगळ्यायनं टोप्या काढल्या. मलेही काढा लागली.

मिनिट झालं. मंदा माझ्याजवळ आली. फक्त हात पुढं केला, कागदासाठी. हो का नाही, एवढंच तिले पाहिजे होतं.

मी कागद तिले दिला नाही. मी स्वतःच माइकजवळ गेलो. टोपी हातातच राहिली होती. माझी वीसही माणसं समोर, साहेब लोक, त्यायच्या बाया. बोटाखाली अक्षरं धरून वाचलं, शाळेत वाचत होतो तसं.

"नमस्कार. मी गिरजा. तुम्ही ज्या गवतावर उभे आहा ते दौलत मुकादम कापतात, मी त्यायची बायको. मले केमो सुरू आहे म्हणून डोकं असं आहे. एकदा पाहून घ्या, मंग माझं ऐका."

सगळ्यायनं माझ्या डोक्याकडं पाहिलं. कोणीतरी हासलं, अन् मंग कोणी हासलं नाही.

पुढं तू शेवंताचं लिहलं होतं. दीड घंटा फुंकून पेज शिजली, तोवर नवऱ्याले झोप लागली होती. तिनं त्याले उठवलं नाही. पेज झाकून ठेवली, अन् स्वतः उपाशी बसली. हे तू मले कधी सांगितलं नव्हतं. मले ऑटोची घाई होती.

त्याच्या खालची ओळ वाचली.

"आमच्या मंदाचे बाबा मले इथं येऊ देत नव्हते. त्यायचा राग नका करू. त्यायचं तसंच आहे. पहिले नाही म्हणतात, अन् मंग सोताच नेतात. आजही त्यायनंच मले इथं आणलं."

मी थांबलो. बोट तिथंच. पंधरा दिवस तू पदर खाली केला नाही, अन् त्याच पंधरा दिवसांत कधीतरी बसून हे लिहलं. मी आणीनच, असं धरून.

"मी नाही आणलं," मी म्हणलं. मनात म्हणलं असं मले वाटलं, पण सगळे माझ्याकडं पाहाले लागले, म्हणजे माइकवरच गेलं. मंग पुरंच सांगितलं. म्हणलं, ती खोटं लिहून गेली. मी तिले आणलं नाही. मले लाज वाटली होती.

साहेब जमिनीकडं पाहत होते. शेवटी गंजाजवळून शेवंता म्हणली, "पुढं वाचा भाऊ. तिचं पुरं होऊ द्या."

पुढं एकच ओळ होती. "आता खेळा. पोहे थंडे होऊन राहिले."

भोंगा वाजला अन् सगळे आपापल्या होलकडं गेले.

किती जमलं ते मी विचारलं नाही. चुली आल्या, हे पाहिलं. दवाखान्याच्या मागच्या भिंतीजवळ टिनाचं शेड, हवेच्या बाजूनं पक्की भिंत, आत ओट्यावर तीन शेगड्या. मागच्या आठवड्यात सुरू झालं. पहिली पेज शेवंतानं लावली. गंज उतरवाले तिले काही सापडेना, तर मी पिशवी नेली होती, त्यातला एक झेंडा दिला. तिनं दुहेरी करून गंज धरला अन् म्हणली, "भल्ली जाड आहे भाऊ, आच लागत नाही." मंग नऊ खिळे मारले अन् नऊही तिथंच टांगले. तुझ्या भावाचे झेंडे उडत नाहीत गिरजे, पण हात भाजू देत नाहीत. नामदेवले फोन करून सांगितलं. तो म्हणे, मंग ताईनं अठरा बरोबरच सांगितले होते.

मी एक दिवसाआड तिथं जातो. सिलेंडर पाहतो, ओटा पुसतो. नवी बाई आली की विचारते, हे लाल कापड कुठलं? मंग मले सांगा लागते. जे तू दहा मिनिटांत सांगितलं असतं, ते मले पुरा घंटा लागते. बाया भाजी चिरत ऐकतात.

काल एक आली होती. तुझ्याएवढी नाही, तिशी-पस्तिशीची. स्वतःच आजारी, अन् स्वतःचंच दूध गरम कराले आली होती. ओट्याशी एकटी होती तर पदर खांद्यावर होता. मी दारात आलो, अन् तिचा हात गेला. पदर डोक्यावर, कानामागं. अगदी तसाच.

मी टोपी काढली. डोकं खाली वाकवून दाखवलं तिले.

"माहेही आताच येऊन राहिले," मी म्हणलं. "राहू दे वं. गरमी होते."

ती माझ्या डोक्याकडं पाहत राहिली. मंग हासली. पदर सोडला, खिळ्यावरचा झेंडा घेतला अन् दूध उतरवलं.